काळ्या बरणीला निळी फीत

७ फेब्रुवारी, शनिवार

आज न्हाणीघरातला टब काढला आणि मागच्या भिंतीत काळी बुरशी निघाली. थोडीथोडकी नाही, पार कमरेएवढ्या उंचीपर्यंत. टब बदलायला आलेला माणूस दोन पावलं मागे सरला, शर्ट नाकावर ओढला आणि म्हणाला, "बाई, मी तुमच्या जागी असतो तर इथे श्वाससुद्धा घेतला नसता." मग काय अंगणात जाऊन घेऊ? आमच्या अल्डर बेंडला ऑक्टोबरपासून मेपर्यंत पाऊस. अंगणात तरी कुठलं कोरडं असणार!

एल्डन म्हणाला, "बघ रो, एवढी वर्षं फुकट राहिली बया. भाडं लावायला हवं होतं."

मला हसू आलं नाही. नाताळापासून माझं डोकं दुखतंय ते काही उगाच नाही, आणि या माझ्या नवऱ्याचे शब्द हरवतात तेही उगाच नाही. परवा कात्रीला "ते... ते कापायचं" म्हणाला. अख्खा जन्म लोकांच्या कात्र्यासुऱ्यांना धार लावण्यात गेलेला माणूस! ताटावर बसल्याबसल्या डुलक्या काढतो. शनिवारच्या बाजारात त्याच्या गाडीपुढे रांग लागते आणि हा जुन्या गिऱ्हाइकांची नावं विसरतो. मी म्हातारपण समजत होते. एकसष्ट हे काय वय आहे का म्हातारपणाचं?

विष आहे ते. भिंतीतलं. आज डोळ्यांनी बघितलं.

१० फेब्रुवारी

गावच्या सभागृहात, ग्रेंज हॉलमध्ये, जुनिपरच्या मंगळवारच्या बैठकीला गेले. जुनिपर म्हणजे मूळची ज्युडिथ. शाळेत माझ्या शेजारी बसायची आणि बेडकाला बघून किंचाळायची. आता सगळ्या गावाची विषं काढते. पण तिच्या स्वतःच्या घरात बुरशी निघाली होती आणि ती त्यातून उठून उभी राहिली, हे मी पाहिलंय. म्हणून गेले.

ती म्हणाली, विष नुसतं सुटून उपयोग नाही, पोटात कुणीतरी त्याला पकडायला हवं. त्यासाठी भुकट्या असतात, बाइंडर म्हणतात त्यांना. त्यात दोन पंथ. एक कोळसावाले, दुसरे मातीवाले. माती म्हणजे ज्वालामुखीची, पांढुरकी, खनिजांची. कोळसावाले म्हणतात माती फार मवाळ. मातीवाले म्हणतात कोळसा आडदांड, समोर येईल ते उचलतो, चांगलं-वाईट बघत नाही. अर्धा तास वाद चालला, सूप गार झालं.

शेवटी मी म्हटलं, "अगं, भांडता कशाला? चाखून बघा की."

सगळ्या हसल्या. जिल्ह्याच्या जत्रेत जॅमची परीक्षक मी. माझ्या हातून पहिल्या नंबरची निळी फीत मिळाली नाही म्हणून दोन बायका अजून माझ्याशी बोलत नाहीत. पण आजवर नाव बघून मी कुणाला नंबर दिलेला नाही. झाकलेल्या बरण्या, एकेक चमचा, मध्ये पाणी. बस.

निघताना जुनिपरने दोनच नियम सांगितले. रोजच्या गोळ्या आणि भुकटी यांत दोन तासांचं अंतर. आणि डॉक्टरांकडे वाच्यता नको. "ते हसतात, रो. मग आपणच आपल्यावर शंका घ्यायला लागतो."

दोन्ही बरण्या घेऊन आले.

१४ फेब्रुवारी

एल्डनला अजून सांगितलं नव्हतं. आज प्रेमदिवसाचं निमित्त करून त्याच्या आवडीचा शिंपल्यांचा रस्सा केला आणि बरण्या पुढे ठेवल्या.

"ही भेट?" म्हणाला. "लोक चॉकलेट देतात."

मी म्हटलं, "लोकांच्या नवऱ्यांना कात्री म्हणता येतं."

लागलं त्याला. मला मागाहून वाईट वाटलं. मग त्यानेच बरणी उचलून मागची बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न केला, चष्मा सापडेना, आणि ठेवून दिली. "तू म्हणशील तसं. चाखायची विद्या तुझी." विचारलं फक्त एवढंच, "माझ्या गोळीचं काय?"

त्याला विशीपासून आकडी येते. सकाळ-संध्याकाळची गोळी लागू पडल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, एकही नाही. म्हणून तर गाडी चालवता येते, गावोगावच्या बाजाराला जाता येतं, धारेचा दगड फिरवता येतो. गोळीला मी हात लावणार नव्हतेच. जुनिपर दोन तास म्हणते, मी तीन ठेवणार. मी काय दुधखुळी आहे?

एक आठवडा पांढरी, एक आठवडा काळी. झाकणाच्या पेल्यात, मनुकांच्या रसात घालून. कुठली आहे ते त्याला सांगायचं नाही. मी पण घेणार, पण माझं मत धरायचं नाही, कारण मला माहीत असणार.

२२ फेब्रुवारी, रविवार

पांढरीचा निकाल. चव: नदीकाठची (एल्डनचे शब्द). पोट: घट्ट. डोकं: जैसे थे. काल पुन्हा खुर्चीत झोपला, चमचा हातात. डोंगर पोखरून उंदीर.

उद्यापासून काळी.

२४ फेब्रुवारी

झाकून ठेवण्यात काही अर्थ राहिला नाही. पेला संपवून तो माझ्याकडे बघून हसला आणि सगळे दात काळेकुट्ट! "काळी आहे का गं?" म्हणे. मी इतकी हसले की ओट्याला धरावं लागलं. किती दिवसांनी हसले.

१ मार्च

आज सकाळी एल्डन शीळ घालत उठला. पोर्चवर दगड मांडून गिऱ्हाइकांच्या बागेच्या कात्र्या घेऊन बसला आणि मला हाक मारून म्हणाला, "रो, ही कात्री बघ, जर्मन पोलाद आहे, हिची मधली खीळ बदललेली आहे, मीच बदलली होती, बेकरीवालीच्या आईसाठी." कात्री म्हणाला! खीळ म्हणाला! बेकरीवालीची आई जाऊन किती वर्षं झाली, तीही त्याला आठवली. दुपारी झोपला नाही. जेवताना माझ्याशी बोलत बसला, लग्नाआधी बसायचा तसा.

मी आत गेले, जत्रेतली उरलेली निळी फीत शोधली आणि काळ्या बरणीच्या गळ्यात बांधली.

"बरणीला फीत? आणि चाखणाऱ्याला?" म्हणाला. त्याच्या काळ्या दातांसकट मुका घेतला.

६ मार्च

एल्डन म्हणतो तोंडात मध्येच नाणं चघळल्यासारखी चव येते. डावा अंगठा आपला आपण उडतो. मी विचारलं, दुखतं का? नाही म्हणाला. मग अंगठा मुठीत धरून, "पूर्वी आकडीच्या आधी असं व्हायचं गं."

गोळ्या घेतोस ना वेळेवर? म्हटलं. घेतो म्हणाला. आठवड्याच्या गोळ्यांचा डबा बघितला, बरोबर होता. जुनिपरला फोन लावला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "रो, घाबरू नकोस. हे तर होणारच. जुनं विष निघताना दार आपटून जातं. पांढरीने असं काही झालं होतं का?"

"नाही."

"बघ. मग काम कोण करतंय?"

ते पटलं. जे काहीच करत नाही ते कुणाला त्रास तरी कशाला देईल? ती म्हणाली की सुटलेलं विष पकडायला भुकटी कमी पडते आहे, एकाऐवजी दोन चमचे कर. केले.

११ मार्च

बोलताबोलता अडकला. अर्धा मिनिट असेल. डोळे माझ्यावर, पण आत कुणी नव्हतं. मग म्हणाला, "हं, काय म्हणत होतीस?" मी म्हटलं काही नाही.

१४ मार्च

एल्डनला आकडी आली. बाजारात, सगळ्यांसमोर. मी मधाच्या टपरीपाशी होते, दगडाचा आवाज विचित्र झाला म्हणून वळले तर तो खाली. सुरी हातात होती, तळव्यात शिरली. लोक मागे सरकले. मी डोकं मांडीवर घेतलं आणि "एल्डन, एल्डन" करत बसले, दुसरं काही सुचलं नाही. चीजवाल्याने आकडी किती वेळ चालली ते घड्याळात मोजलं, इस्पितळाची गाडी बोलावली.

इस्पितळात तरुण डॉक्टरीण होती. रक्त तपासून आली आणि म्हणाली, रक्तात औषध निम्म्याहून कमी आहे. "गोळ्या चुकताहेत का त्यांच्या?"

"मुळीच नाही," मी म्हटलं. डबा मी भरते.

"आणखी कुठलं औषध चालू आहे?"

नाही म्हटलं. औषध नाहीच ते. माती आणि कोळसा. आणि एल्डन पांढराफटक पडलेला असताना मला कुणी हसलेलं चाललं नसतं.

ती एल्डनकडे वळली आणि फार गोड आवाजात म्हणाली, "होतं असं, काका. बरं वाटायला लागलं की माणूस गोळी टाळतो." आता सहा महिने त्याने गाडी चालवायची नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे.

१७ मार्च

गोळी वाढवून दिली आहे. आता सकाळ-संध्याकाळ मी समोर उभी राहून गिळवते आणि जीभ उचलायला लावते. लग्नाच्या बायकोने नवऱ्याची जीभ बघायची! तो तोंड उघडतो.

डबा तर रिकामा होतो. मग गोळ्या जातात कुठे? थुंकत असेल. पेंगुळल्यासारखं वाटतं त्या गोळ्यांनी, हे तो नेहमीच म्हणायचा. त्याला तरतरी हवी होती. कुणाला नको असते?

जुनिपर म्हणाली, जास्त गोळी म्हणजे यकृतावर जास्त भार, कोळसा आता सोडलास तर सगळं मुसळ केरात. मी सोडणार नव्हतेच. त्या एका आठवड्यातला एल्डन मी पाहिलाय. तो मला परत हवा आहे.

२९ मार्च

पुन्हा आकडी, लहान. स्वयंपाकघरात. आज मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, "मला तोंडावर सांग ना, की घेत नाहीस! मी काय पोलीस आहे? मुलासारखा काय लपवतोस?"

"रो, मी घेतो."

"मग रक्तात का नाही दिसत?"

तो उठून पोर्चवर गेला. दगडावर ताडपत्री घातलेली आहे, तिच्यावरचं पाणी हाताने निपटत राहिला. मी खिडकीतून बघत होते आणि मला राग येत होता, देवा, राग येत होता.

३ एप्रिल

एल्डन आज म्हणाला, "मला वाटतं तुझंच खरं असावं."

"कशाबद्दल?"

"मी गिळतो असं मला आठवतं. पण कात्री आठवत नव्हती तसंच हेही असेल. मी थुंकत असेन आणि मला कळत नसेल." थोड्या वेळाने, "तू माझ्यावर रागावू नकोस. मी मुद्दाम नाही करत."

मी त्याला जवळ घेतलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं, शेवटी कबूल तरी केलं म्हणून. मग पेला भरून दिला. तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, काही तरी एक गोष्ट नीट करून दाखवावी तसा.

९ एप्रिल

काल सकाळी आकडी आली आणि थांबलीच नाही. गाडी आली, सुई टोचली, तरी नाही. इस्पितळात त्याला आत नेलं आणि मला पडद्याबाहेर खुर्ची दिली. त्याच्या दातांना काळं लागलेलं होतं आणि मी ते माझ्या बाहीने पुसत होते, परक्यांनी बघू नये म्हणून. ताकाला जाऊन भांडं लपवत होते.

शेजारच्या पडद्याआड एक मुलगी होती, सोळा-सतरा वर्षांची. आजीच्या गोळ्या मूठभर गिळून आलेली. तिची आई रडत होती. नर्स तिला म्हणत होती, "पी बाळ, अजून एक घोट, चव नसते त्याला." पडद्याच्या फटीतून मला पेला दिसला. काळा. मुलीने मान वळवली, तिचे ओठ काळे, दात काळे.

मी उठून उभी राहिले. "हे काय पाजताय तिला?"

"कोळसा," नर्स म्हणाली. "पोटातल्या गोळ्या धरून ठेवतो. रक्तात जाऊ देत नाही."

त्यानंतर मी काय केलं ते मला धड आठवत नाही. तीच तरुण डॉक्टरीण माझा दंड धरून मला खुर्चीत बसवत होती आणि मी म्हणत होते, "पण मी तीन तास ठेवले होते! दोन सांगितले, मी तीन ठेवले!" तिने दोनदा विचारून घेतलं, कधीपासून, किती चमचे. मग माझ्यासमोर उकिडवी बसली. हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं.

म्हणाली, काही औषधं रक्तात गेल्यावर पुन्हा आतड्यात झिरपतात, फिरत राहतात. यांची गोळी त्यातलीच. कोळसा तिथे बसून तीही ओढून घेतो. तीन तास काय, सहा तास ठेवले असते तरी फार फरक पडला नसता. मी मातीचं विचारलं. ती म्हणाली, तीही औषधं धरते, कमी-जास्त, बंदच करा. मग मी विचारलं, आणि तो आठवडा? शीळ घालत होता तो आठवडा?

"वयाबरोबर तीच गोळी जड पडायला लागते; तिची गुंगी उतरत होती," ती म्हणाली. "आकडी यायला अजून वेळ होता."

म्हणजे तो शब्द विसरायचा, डुलक्या काढायचा, ते गोळीमुळे होतं. आधी येऊन एक शब्द विचारला असता तर गोळी बदलून मिळाली असती.

आणि तो खरंच गिळत होता. रोज. समोर उभी राहून जीभ बघत होते मी.

१० एप्रिल

घरी येऊन बरणी फोडली. आधी फीत सुटेना, गाठ मीच पक्की मारली होती. जुनिपरचा फोन आला. मी फक्त सांगितलं काय झालं ते. ती म्हणाली, "पण अंतर ठेवलं होतंस ना?" मी फोन ठेवून दिला. तिच्या बैठकीला बारा-पंधरा बायका असतात, कोण कुठली गोळी घेतं मला माहीत नाही. पुन्हा फोन करून तिला सांगितलं की मंगळवारी मी येणार आणि उभी राहून बोलणार. तिने नाही म्हटलं नाही.

११ एप्रिल

एल्डन जागा झाला. मला ओळखलं. पहिलं वाक्य, "रो, मी गोळी विसरलो ना? माफ कर."

मी सगळं सांगितलं. अडखळत, पण सगळं. तो ऐकत होता, कपाळाला आठ्या घालून. शेवटी म्हणाला, "म्हणजे मी घेत होतो?"

"एकही चुकवली नाहीस."

त्याचा चेहरा असा काही सैल झाला! डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटलं माझं डोकं गेलं," म्हणाला. मग माझा हात थोपटून, "मग पहिला नंबर कुणाला दिलास?"

"काळीला."

"हं," म्हणाला, आणि हसला. दात पांढरे होते. मी तिथेच उशीत तोंड खुपसून रडले आणि तो माझ्या केसांवरून हात फिरवत राहिला. मला वाटलं, सुटले.

१२ एप्रिल

सकाळी गेले तर म्हणाला, "रो, मी गोळी विसरलो ना? माफ कर."

कालचं काही आठवत नव्हतं. डॉक्टरीण म्हणाली, आकडी फार लांबली की नवं काही डोक्यात टिकत नाही. किती दिवस? सांगता येत नाही. कदाचित भरून येईल, कदाचित पूर्ण नाही. गाडीचं मी विचारलं नाही.

पुन्हा सांगितलं. पुन्हा तसाच चेहरा सैल झाला, पुन्हा पाणी. नंबर मात्र विचारला नाही. म्हणाला, "तू मला स्वयंपाकघरात काय काय बोलली होतीस, ते आठवतंय मला."

"हो."

"बरं," म्हणाला.

१४ एप्रिल

सकाळी बैठकीत बोलले, ते नंतर लिहीन. दोघी उठून गेल्या. एक माझ्याजवळ येऊन बसली आणि पर्समधून हृदयाच्या गोळ्या काढून विचारू लागली. मी म्हटलं, मला नको गं विचारू, डॉक्टरला विचार.

नर्स चांगली आहे. मला बाजूला घेऊन म्हणाली, "रोज सगळं कशाला सांगता? तुम्ही गोळी विसरला नाहीत, एवढंच सांगा. त्यांना तेवढंच हवं असतं." खरंच आहे ते. तेवढंच सांगितलं तर तो हसतो आणि झोपतो. त्याला काही आठवणारही नाही.

आज तेवढंच सांगायचं ठरवून आत गेले. "रो, मी गोळी विसरलो ना?" म्हणाला. मी म्हटलं, "नाही रे, एकही नाही." तो हसला. मग विचारलं, "मग झालं काय?"

मला खोटं सुचेना. सांगितलं. जीभ बघायचे तेही सांगितलं.

आज त्याने केसांवरून हात फिरवला नाही. भिंतीकडे तोंड केलं. मी बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत बसले. जेवण आलं, गेलं. निघताना म्हटलं, येते उद्या.

उद्या सकाळी त्याला यातलं काही आठवणार नाही. माझ्याकडे वळून तो आधी माफी मागेल, आणि मला पहिल्यापासून सांगायचं आहे.